शाखा रुजते कशी, टिकते कशी : केडगाव, पाबळ आणि शिक्षकांची अभ्यासमंडळे

शिक्षणकार्यास वाहिलेल्या कोणत्याही मंडळाची शाखा काढणे सोपे असते. ती दहा वर्षे चालविणे कठीण असते. पहिल्या वर्षी उद्घाटन होते, फलक लागतो, कार्यकारिणी निवडली जाते. दुसऱ्या वर्षी एकदोन व्याख्याने होतात. तिसऱ्या वर्षी चिटणिसांची बदली होते आणि इतिवृत्ताची वही कोणाकडे राहिली हेही कोणास सांगता येत नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन शेजारी तालुक्यांत हा प्रश्न आज प्रत्येक केंद्रशाळेपुढे आहे. केंद्रातील शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसून अध्यापनाचा विचार करावा, अशी योजना शासनाने केलेली आहे. ती मांडणी कागदावर राहावी की तिचे जिवंत अभ्यासमंडळ व्हावे, हे बव्हंशी त्या त्या केंद्रातील शिक्षकांवर आणि गावच्या पंचायतींवर अवलंबून आहे.

या दोन तालुक्यांना या बाबतीत बाहेरचे दाखले शोधत बसण्याचे कारण नाही. भीमेच्या दक्षिणेस दौंड तालुक्यात केडगाव आहे आणि उत्तरेस शिरूर तालुक्यात पाबळ आहे. एका ठिकाणच्या संस्थेस सातासमुद्रापलीकडच्या शाखांनी पोसले. दुसऱ्या ठिकाणी सुरू झालेले काम अनेक शाळांत पसरले. दोहोंचा अनुभव एकमेकांस पूरक आहे.

बोस्टन ते केडगाव

पंडिता रमाबाईंना शाखांच्या कामाचा अनुभव अमेरिकेस जाण्यापूर्वीच आलेला होता. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि नगर, सोलापूर यांसारख्या गावी हिंडून त्याच्या शाखा काढल्या. त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांच्या गरजेविषयी साक्ष दिली. पुढल्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. संस्थापिका दूर गेल्यावर कोणती शाखा उरते, याची परीक्षा तेव्हाच झाली. मुंबईसारख्या ठिकाणी स्थानिक भगिनींनी काम आपलेसे केले, तेथे समाज दीर्घकाळ चालला. जेथे सारा भार रमाबाईंच्या वक्तृत्वावर होता, तेथे तो टिकण्यासारखा नव्हता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे अडीच वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्या काळात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला व उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकन लोक, विशेषतः तेथील स्त्रिया, कोणत्याही कामासाठी मंडळी जमवून रीतसर संस्था उभी करतात, याचे त्यांना फार कौतुक वाटले. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या त्यांच्या मराठी ग्रंथात या निरीक्षणास मोठे स्थान आहे. मंडळे चालविणाऱ्या आजच्या कार्यकर्त्यांनी तो ग्रंथ केवळ प्रवासवर्णन म्हणून वाचू नये.

१८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले. भारतात बालविधवांसाठी कोणत्याही धर्मपंथाचा आग्रह न धरणारी शाळा काढावी व तिला दहा वर्षे साहाय्य द्यावे, हा त्याचा हेतू. अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांत याच्या शाखा निघाल्या; त्यांना ‘रमाबाई सर्कल’ म्हणत. आपल्याकडील भाषेत त्यांना रमाबाई मंडळे म्हणता येईल. मंडळाचे सभासद दरवर्षी वर्गणी देण्याचे वचन देत, ती गोळा करून बोस्टनला पाठवीत, आणि मध्यवर्ती संस्था दरवर्षी छापील अहवाल काढून जमाखर्च व शाळेची हकीकत सभासदांपुढे ठेवी. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. १८९० च्या अखेरीस ते पुण्यास आले.

या रचनेतील तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. प्रत्येक मंडळाकडे मागणी लहान होती, पण ती दरवर्षी करावयाची होती. मुदत आधीच ठरलेली होती. कायमचे ओझे कोणी स्वीकारले नव्हते, म्हणून अनेकांनी ते आनंदाने उचलले. आणि हजारो मैलांवरच्या सभासदास आपल्या वर्गणीचे काय झाले हे वर्षातून एकदा वाचावयास मिळत होते. यांतील शेवटच्या गोष्टीचे मोल आपल्याकडे पुरेसे ओळखले जात नाही. अहवाल म्हणजे वरिष्ठ कार्यालयास पाठवावयाचा कागद, अशी आपली समजूत झाली आहे. बोस्टनचा अहवाल खालून वर जात नव्हता, तो मध्यातून सभासदांकडे जात होता.

मात्र या चित्राची दुसरी बाजूही आहे. १८९३ मध्ये शारदासदनातील धार्मिक वातावरणावरून पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध सोडला आणि पुष्कळ पालकांनी मुलींना काढून नेले. शाळा बंद पडली नाही, कारण अमेरिकेतील मंडळांचे साहाय्य चालू राहिले. दूरच्या शाखा भक्कम आणि जवळचा आधार ढासळलेला, अशी ही स्थिती होती. वादात कोणाची बाजू बरोबर, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. पण भोवतालच्या समाजाचा विश्वास हा वर्गणीने विकत मिळत नाही, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

रमाबाईंची खरी दूरदृष्टी दिसते ती केडगावच्या जमिनीत. वचनाची दहा वर्षे संपणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. साहाय्य थांबल्यावर संस्थेस स्वतःचे उत्पन्न असावे, या विचाराने मुदत संपण्याच्या कितीतरी आधी त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लावण्यास प्रारंभ केला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली व स्त्रिया आणल्या, त्याच सुमारास पुण्यात प्लेगाचे निर्बंध आले, आणि बागेसाठी घेतलेली तीच जमीन शेकडो जणींचा आश्रय झाली. १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदनाची रीतसर सुरुवात झाली. त्याच वर्षी रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुन्या संस्थेची मुदत संपून नवी ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे केडगावी स्त्रियाच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. त्यांच्या कार्याचा वारसा जिच्याकडे जावयाचा ती कन्या मनोरमाबाई आदल्याच वर्षी निवर्तली होती. तरीही मुक्तीचे काम चालू राहिले व आजही चालू आहे. वारस गेला तरी संस्था राहिली, कारण काम एका व्यक्तीच्या हाती नव्हते; शिकविणे, शेत पाहणे, छापणे, हिशेब ठेवणे यांसाठी हात आधीच तयार झालेले होते.

निवडक सभासदांची मंडळे

अमेरिकेतच, रमाबाईंच्या नंतर, शिक्षकी पेशातील गुणवंतांची मंडळे निघाली. १९११ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘कॅपा डेल्टा पाय’ हे शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे सन्मान मंडळ स्थापन झाले. विल्यम बॅगले हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. स्त्री शिक्षकांना व्यवसायात बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून १९२९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे ॲनी वेब ब्लँटन यांच्या पुढाकाराने ‘डेल्टा कॅपा गॅमा’ हे मंडळ निघाले. दोहोंच्या शाखा पुढे दूरवर पसरल्या. यांत सभासदत्व मागून मिळत नाही. मंडळ निमंत्रण देते. कॅपा डेल्टा पायच्या महाविद्यालयीन शाखेत पदाधिकारी विद्यार्थी असतात, आणि विद्यार्थी तर दोनतीन वर्षांत बाहेर पडणारच. म्हणजे प्रत्येक शाखेचे नेतृत्व सतत गळत असते. यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा आहे. प्रत्येक शाखेस प्राध्यापकांपैकी एक मार्गदर्शक असतो. पदाधिकारी बदलतात, मार्गदर्शक राहतो. दप्तर त्याच्या देखरेखीखाली असते आणि नव्या पदाधिकाऱ्यांस तो कामात बसवितो.

आपल्याकडे अशी निवडक मंडळे काढावीत काय, असा प्रश्न कोणी विचारील. शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत, जेथे वाड्यावस्त्यांवरील पुष्कळ शाळा दोन शिक्षकी आहेत, तेथे गुणवंत व इतर अशी फोड करणे हितावह ठरणार नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाला निमंत्रण आणि दुसऱ्याला नाही, याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. आदर्श शिक्षक पुरस्कारांच्या निमित्ताने जे रुसवेफुगवे होतात ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. तथापि सन्मान मंडळांतील एक तत्त्व घेण्यासारखे आहे: सभासद होणे म्हणजे काही करण्याचे वचन देणे. मंडळात सर्वांना प्रवेश असावा, पण वर्षभरात स्वतःच्या वर्गातील एक प्रयोग लिहून मांडणे ही त्याची वर्गणी असावी.

पाबळचा धडा

योगायोग असा की, ज्या इलिनॉय विद्यापीठात शिक्षकांचे ते मंडळ जन्मास आले, तेथेच संशोधन करून डॉक्टरेट मिळविलेले एक शास्त्रज्ञ १९८३ मध्ये पाबळला आले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उद्योगक्षेत्रातील संशोधनाची नोकरी सोडून, पाऊस कमी व साधने तोकडी असलेल्या या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे, म्हणजे जे. पी. नाईक यांनी स्थापिलेल्या संस्थेचे, हे एक केंद्र होते. हाताने काम करीत शिकणे ही शिक्षणाची स्वाभाविक रीत आहे, शाळा सोडलेला मुलगाही या रीतीने शिकू शकतो, अशी डॉ. कलबागांची धारणा होती.

आश्रमातील अभ्यासक्रमातून माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यता मिळून तो पाबळबाहेरच्या शाळांत गेला. येथे शाखा टिकविण्याचा प्रश्न अगदी वेगळ्या रूपाने आला. प्रत्येक शाळेत हे शिकविण्यास पदवीधर तंत्रज्ञ मिळणे अशक्य. म्हणून गावातीलच वेल्डिंग जाणणारा, विजेची कामे करणारा, शेतीत तरबेज असलेला माणूस अर्धवेळ निदेशक म्हणून घ्यावयाचा. साहित्याचा खर्च कोठून आणावयाचा, यासही उत्तर कामातच शोधले गेले: विद्यार्थ्यांनी शिकता शिकता गावास उपयोगी वस्तू व सेवा पुरवावयाच्या आणि त्यातून साहित्याचा काही भाग भरून काढावयाचा. रमाबाईंच्या फळबागेमागे जो विचार होता तोच येथे शाळेच्या कार्यशाळेत दिसतो.

२००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या कल्पनेतील ‘फॅब लॅब’ ही संगणकचलित यंत्रांची प्रयोगशाळा पाबळला सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. २००३ मध्ये डॉ. कलबाग निवर्तले. आश्रम चालू राहिला. त्याचे कारण शोधू गेल्यास पुन्हा तेच आढळते: अभ्यासक्रम लिहून ठेवलेला होता, कामाची पद्धत पुस्तिकांत उतरलेली होती, आणि आधीच्या तुकड्यांतील माणसे पुढच्या तुकड्यांना शिकवू शकत होती.

केंद्र, परिषद आणि बदली

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळा एकत्र जोडून शाळासमूह करावेत अशी शिफारस केली होती. जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव. महाराष्ट्रात १९९४ च्या शासन निर्णयानुसार ४,८६० केंद्रशाळा ठरविण्यात आल्या व केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आल्यानंतर केंद्रपातळीवरील शिक्षण परिषदेस नवे महत्त्व आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळासमूहाची कल्पना पुन्हा पुढे आणली आणि शिक्षकाने वर्षाकाठी ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे सुचविले. सांगाडा तयार आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अडचण आत काय भरावयाचे ही आहे. परिषदेचा अर्धा वेळ परिपत्रकांचे वाचन, माहितीचे तक्ते आणि ऑनलाइन नोंदी यांत गेला, तर ती टपालाची बैठक होते. शिक्षक उपस्थिती लावून घरी जातो आणि त्याला दोष देता येत नाही. ज्या बैठकीवाचून आपले काही अडत नाही, तिच्याविषयी आस्था कशी वाटावी? म्हणून प्रशासकीय सूचनांसाठी वेळ बांधून द्यावा, आणि उरलेला वेळ केंद्राने स्वतः निवडलेल्या एका प्रश्नास द्यावा.

असे प्रश्न या दोन तालुक्यांत मुबलक आहेत, आणि प्रत्येक केंद्राचा प्रश्न वेगळा आहे. दौंड तालुक्यातील ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की तोडणी कामगारांची आणि गुऱ्हाळांवरील मजुरांची मुले येतात व हंगाम संपताच निघून जातात. चार-पाच महिन्यांसाठी आलेल्या मुलाला कोठून शिकवावयास घ्यावे, आणि जाताना त्याच्याबरोबर काय द्यावे की पुढच्या शाळेस ते उपयोगी पडेल? रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींच्या परिसरात परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले पहिलीत बसतात, त्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही. शिरूरच्या कोरडवाहू भागातील वस्तीशाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो. यांपैकी एक प्रश्न घेऊन बाराही महिने तोच हाताळणारे केंद्र पुढे आपोआप जाणकार होते. दर महिन्यास नवा विषय घेणारे केंद्र कशातच खोल जात नाही. लोणी काळभोरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अधिव्याख्यात्यांनी अशा केंद्रास मार्गदर्शक म्हणून जोडून घेतले, तर परदेशी मंडळांतील प्राध्यापक-मार्गदर्शकाची उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.

बदलीचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१७ च्या धोरणानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. दुर्गम भागातील शिक्षकास त्याची वेळ येताच सोयीच्या जागी येता यावे, हा त्यामागील न्याय मान्य केलाच पाहिजे. परंतु एकाच वर्षी केंद्रातील अनेक शिक्षक हलले, तर अभ्यासमंडळ मुळापासून उखडले जाते. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव काही वर्षांपूर्वी राज्यभर गाजले. तेथे काम केलेल्या शिक्षकाने पुढे खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या लहानशा शाळेत गावकऱ्यांच्या साहाय्याने काम उभे केले, मुलांनी मुलांना शिकविण्याची ‘विषयमित्र’ पद्धत तेथे रुजविली, आणि २०२५ मध्ये त्या शाळेस जागतिक पातळीवरील उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. चांगली पद्धत माणसाबरोबर प्रवास करते, हे यावरून सिद्ध झाले. ती माणसावाचून प्रवास करील अशी तजवीज करणे हे मंडळाचे काम आहे.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक केंद्रात एकाऐवजी दोन चिटणीस असावेत, आणि दोघांची नेमणूक एकाच वर्षी झालेली नसावी. म्हणजे एक जुना व एक नवा असा जोड सतत राहील. वर्गातील प्रयोगाची टिपणे एका वहीत लिहिली जावीत: काय केले, किती मुले होती, काय जमले, काय जमले नाही. न जमलेल्या गोष्टींची नोंद विशेष मोलाची, कारण नव्या शिक्षकाचे सहा महिने तीच वाचविते. आज बरीचशी देवाणघेवाण भ्रमणध्वनीवरील गटांत होते. ती सोयीची खरी, पण शिक्षक बदलून गेला की तो गटातून बाहेर पडतो आणि त्याची टिपणे त्याच्याबरोबर जातात. वही केंद्रशाळेची असते.

ग्रामपंचायतींचा यांत संबंध काय, असे काही सदस्यांस वाटेल. शाळा व्यवस्थापन समितीतील पालक बदलतात, शिक्षक बदलतात, केंद्रप्रमुखांची जागा कधी रिक्तही असते. गाव मात्र तेथेच असते. बोस्टनच्या सभासदास वर्षातून एकदा अहवाल मिळत होता, तसा केंद्राच्या अभ्यासमंडळाचा चार पानांचा अहवाल ग्रामसभेत वाचला गेला, तर आपल्या गावातील शिक्षक महिन्याकाठी एकत्र बसून काय करतात हे लोकांस कळेल. मग बैठकीसाठी खोली, एक कपाट, थोडी पुस्तके यांची मागणी पंचायतीपुढे आली तर ती परकी वाटणार नाही. पाबळप्रमाणे गावातील सुतार, विजेचे काम करणारा, ऊस-फळबागेतील जाणता शेतकरी यांस वर्षातून काही वेळा शाळेत बोलावण्याची व्यवस्थाही पंचायतच उत्तम रीतीने करू शकेल.

सध्या प्रत्येक केंद्र आपल्या तालुक्याच्या सीमेत राहून काम करते. भीमेपलीकडे काय चालले आहे याची वार्ता अलीकडे येत नाही. वास्तविक न्हावरे-चौफुला रस्त्याने शिरूरकडील शिक्षक केडगावला सहज जाऊ शकतात, आणि दौंडकडील मंडळींना पाबळ काही परमुलुख नाही. जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील चार-चार केंद्रांच्या चिटणिसांनी आपापल्या वह्या घेऊन एक दिवस एकत्र बसावे. हंगामी मुलांच्या प्रश्नावर काम केलेल्या दौंडच्या केंद्राने आपली टिपणे कारखान्याच्या परिसरातील न्हावरेच्या शाळांना द्यावीत, आणि रांजणगावच्या शाळांनी परभाषी मुलांसाठी केलेले शब्दतक्ते कुरकुंभला न्यावेत. पहिल्या वर्षी एवढ्या एका देवाणघेवाणीची नोंद दोन्हीकडच्या वह्यांत झाली, तरी दुसऱ्या वर्षीच्या बैठकीस विषय आयता मिळेल.